गाव कुठलं याचं?

जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस आज येतो उद्या येतो करत नुसत्या घामाच्या धारा काढत होता आणि मी दुपारी वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले तर दोरीवर, बाबांची लुंगी आणि माझी ओढणी यांच्या बरोबर मध्ये, एक पक्षी बसलेला. मुठीएवढा. अंग पोपटी, तोंड आणि गळा आंबा आईस्क्रीममध्ये थोडा गुलाबी रंग पडावा तसा, चोच फिकट पिवळी, आणि वळला तेव्हा शेपटीच्या वर चक्क निळाभोर ठिपका. डोंबिवलीत आमच्या बाल्कनीत येणार कोण, तर कबुतरं आणि फार तर एखादी साळुंकी. हा मला बघून उडाला नाही. उलट खिळा काचेवर ओढावा तशा आवाजात ओरडला, आणि दोरीवरून खाली रद्दीवर उतरला, जणू रद्दी त्याच्यासाठीच ठेवलेली.

मग त्याने जे केलं ते मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. वरच्या पेपराच्या कडेने चोच टकटकटकटक करत सरकत गेली, पोस्टाच्या तिकिटाला असतात तशी बारीक भोकं पडत गेली आणि एक लांब पट्टी सुटून आली, साधारण माझ्या करंगळीएवढी लांब आणि शेवयांच्या चार काड्या शेजारी ठेवल्या तर होईल तेवढी रुंद. मला वाटलं आता खाईल. नाही. मान पूर्ण मागे वळवली, पट्टी शेपटीच्या वरच्या त्या निळ्या पिसांत खोचली, पिसं एकदा फुलवून परत मिटली, आणि दुसरी पट्टी कापायला घेतली. दुसरी खोचताना पहिली पडली. त्याला त्याचं काही नाही. तिसरी, चौथी. पाचेक मिनिटांत पाठीवर वळकटी बांधून वारीला निघाल्यासारखा दिसायला लागला, आणि त्या सगळ्या लवाजम्यासकट उडून एसीच्या बाहेरच्या डब्यामागे गेला. दोन मिनिटांनी रिकामा परत. पुन्हा टकटकटक.

संध्याकाळी आईने पिठाच्या चाळणीखाली त्याला पकडला. म्हणजे पकडला कसला, तो चाळणीखालच्या बाजरीसाठी स्वतःहूनच आत चालत गेला. मी चाळणीवर पुठ्ठा सरकवून खाली वॉचमनकाकांकडे घेऊन गेले, कोणाचा हरवलाय का विचारायला. काकांनी चाळणीच्या जाळीतून डोकावून बघितलं. कोणाचा आहे हे त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "ताई, गाव कुठलं याचं?"

मी म्हणाले, "लव्हबर्ड आहे, काका."

"ते झालं नाव. गाव कुठलं?"

हे मला जे टोचलं ते आजतागायत टोचतंय. कारण मला माहीत नव्हतं. माझ्या आयुष्यात लव्हबर्ड नावाचा शब्द मी पाच वर्षांची असल्यापासून आहे, आणि त्याचं गाव मला कोणी विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

त्याहून मोठी गंमत म्हणजे माझ्या लहानपणचे लव्हबर्ड हे लव्हबर्ड नव्हतेच. सांगलीला आमच्या घरी मागच्या पडवीत पिंजरा होता, बाबांनी गणपतीत कुठूनतरी आणलेला, त्यात एक निळा आणि एक पिवळा, पाठीवर काळ्या बारीक रेघा, नाकाच्या जागी निळा मेणाचा ठिपका. त्यांना आम्ही लव्हबर्ड म्हणायचो, शेजारचे म्हणायचे, दुकानदार म्हणायचा, अख्खी गल्ली म्हणायची. आत लोंबकळणारं छोटं मडकं, तळाला सांडलेल्या राळ्याच्या टरफलांचा थर, तारेत अडकवलेला समुद्रफेस, आणि रोज सकाळी तो थर फुंकून उडवायचं काम माझं. त्या टरफलांचा वास, थोडा धुळीचा थोडा कोमट, अजून नाकात आहे. ते सगळे बजरी. बजरीगर. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांतले, १८४० मध्ये जॉन गुल्ड नावाच्या पक्षीवाल्या माणसाने इंग्लंडात जिवंत नेले आणि तिथून जगभर पिंजऱ्यापिंजऱ्यांत पसरले ते. आपल्याकडे कुठल्यातरी टप्प्यावर त्यांना लव्हबर्ड नाव चिकटलं आणि खरे लव्हबर्ड दुकानात आले तेव्हा नाव आधीच गेलेलं, मग त्यांना आफ्रिकन लव्हबर्ड म्हणायला लागले. म्हणजे बिचाऱ्यांचं स्वतःचं नावही दुसऱ्याने वापरलेलं, आणि यांना ते विशेषण लावून परत मिळालं. निळा मेला तेव्हा आजी म्हणाली होती, आता पिवळा पण जाईल बघ, जोडीदार गेला की हे जगत नाहीत. मी आठवडाभर शाळेतून धावत घरी यायचे. पिवळा पुढे चार वर्षं जगला, चांगला धष्टपुष्ट, आरशाशी भांडत. आजीने त्यावर कधी काही स्पष्टीकरण दिलं नाही.

तर गाव. त्या रात्री पक्षी चाळणीतून शेजारच्यांच्या जुन्या पिंजऱ्यात गेला आणि मी मोबाईल घेऊन बसले. लव्हबर्डच्या एकूण नऊ जाती. आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर आणि एक, करड्या डोक्याचा, मादागास्करला. शास्त्रीय नाव अ‍ॅगापॉर्निस, ग्रीकमधून आलेलं, प्रेम अधिक पक्षी, म्हणजे शास्त्रज्ञांनाही दुसरं काही सुचलं नाही. आमच्याकडे आलेला तो पीचफेस, आणि त्याचं गाव नामिबिया. तसं अंगोलाचा दक्षिण भाग आणि दक्षिण आफ्रिकेचा वायव्य कोपराही धरायचा, पण मुख्य नामिबिया. उघडे खडकाळ डोंगर, काटेरी झुडपं, पाऊस नावाला. पाण्याच्या आसपास थवे करून राहतात, आणि तो जो खिळा काचेवर ओढल्यासारखा आवाज, तो थवाच्या थवा एकत्र काढतो. कड्यांच्या फटीत घरटी करतात. किंवा सरळ दुसऱ्याच्या घरात घुसतात. तिकडे सोशेबल वीव्हर म्हणून चिमणीएवढे पक्षी आहेत, ते शेकड्यांनी मिळून झाडावर एकच प्रचंड घरटं बांधतात, लांबून बघितलं तर कोणी कडब्याची गंजी बाभळीवर उचलून ठेवल्यासारखं, खाली शंभर दारं. त्यातल्या काही खोल्यांत हे महाराज भाड्याशिवाय. शेतकऱ्यांचं मत यांच्याबद्दल काही फार प्रेमाचं नाही, बाजरी मका सूर्यफूल सगळ्यावर ताव मारतात. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. लव्ह वगैरे नाव घेऊन फिरणारा पक्षी त्याच्या गावात पिकावरची पाखरं म्हणून गोफणीने हाकलला जात असेल.

आणि पट्ट्या खोचणं हे जवळजवळ कायम मादीचं काम. म्हणजे आमचा तो, ती होती.

या पट्ट्यांवर एक प्रयोग झालेला आहे, तो वाचून मी रात्री दीड वाजता उठून पिंजऱ्यापाशी जाऊन बसले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६०च्या आसपास पीचफेस आणि फिशर या दोन जातींचा संकर केला. पीचफेस पट्ट्या पिसांत खोचून नेते. फिशर तसं करत नाही, एकेक पट्टी सरळ चोचीत धरून नेते. मग यांची पोर काय करणार? तर ती पट्टी छान कापायची, मान मागे वळवायची, पिसांत खोचायला जायची आणि सोडायचीच विसरायची. किंवा भलत्याच जागी खोचायची. किंवा खोचून झाली की परत उपसायची. पट्टी जायची ती फक्त चोचीत राहून गेली तरच. तीन वर्षं लागली त्या पोरींना सरळ चोचीत धरून न्यायला शिकायला, आणि तेव्हासुद्धा उडायच्या आधी मान एकदा मागे वळायचीच. नुसती. खोचायचं काही नाही तरी. मला एकदम आमची पुण्यात जन्मलेली भाची आठवली, दाक्षिणात्य वडील आणि मराठी आई, आमटीला सांबार म्हणते आणि सांबारला आमटी, पण ते जाऊ दे, ते इथे बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. तीन जणांनी आमचाच म्हणून सांगितलं, तिघांच्याही वर्णनातला पक्षी वेगळा. एकाचा पूर्ण पिवळा होता, लाल डोळ्यांचा, ल्युटिनो म्हणतात तो. एका काकूंचा बजरी निघाला. सी विंगमधला एक मुलगा खरंच पळत आला, श्वास लागलेला, पिंजऱ्यात बघून म्हणाला हा नाही, माझ्याच्या डोळ्याभोवती पांढरी रिंग होती, आणि तसाच खाली मान घालून गेला. पांढरी रिंग म्हणजे फिशर किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी. त्या मुलाला काय सांगणार की बाबा तुझा जो उडून गेला त्याच्या पणजोबाच्या पणजोबांची गोष्ट फार वाईट आहे.

फिशर टांझानियाच्या उत्तरेचे, सेरेंगेटीच्या बाजूचे. १९८०च्या दशकात रानातून पकडून विकल्या जाणाऱ्या पोपटांत हे जगात आघाडीवर होते, जाळ्या लावून थवेच्या थवे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टांझानियाने निर्यात थांबवली तोवर रानातले खूप कमी झालेले. आणि दुसरीकडे केनियात, नैवाशा तलावाच्या काठी, जिथे हे मुळात नव्हतेच, तिथे सुटलेल्या पाळीव फिशरांची आणि दुसऱ्या एका जातीची सरमिसळ होऊन मस्त वसाहत झाली आहे. पण सगळ्यात जास्त जिवाला लागली ती काळ्या गालांच्या लव्हबर्डची गोष्ट. नैऋत्य झांबियात, काफुए आणि झांबेझी या नद्यांच्या मधल्या मोपाने नावाच्या झाडांच्या रानात एवढ्याशा पट्ट्यात राहतो. १९०६ मध्ये पुस्तकात नोंद झाली आणि १९२९ मध्ये चार आठवड्यांत सोळा हजार पकडले गेले. चार आठवडे. एका महिन्याच्या कॅलेंडरच्या पानात मावणारा काळ. जवळजवळ शंभर वर्षं होत आली, धंदा बंद होऊनही जमाना झाला, तरी तो पक्षी पूर्वीसारखा सावरला नाही. आता त्याला जाळ्यापेक्षा पाण्याची पंचाईत आहे. हे दाणे खाणारे, कोरडं खाणं, त्यामुळे रोज प्यायला पाणी लागतंच, आणि उन्हाळ्यात रानातली डबकी आटत चाललीत. जी उरतात तिथे माणसं आणि गुरं, आणि हा पक्षी भित्रा, माणसं असली की उतरत नाही. तहानलेला वर झाडात बसून राहतो.

पाणी हाच सगळ्यांचा घात दिसतो. मलावीत लिवोंडे नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे लिलियन्स लव्हबर्ड. चोरटे शिकारी तिथे उन्हाळ्यात डबक्यांत विष कालवायचे, जनावरं मारायला, म्हणजे यांच्याशी कोणाचं वैर पण नाही. पण हे थव्याने येतात, एकदम उतरतात, एकदम पितात. आपल्याकडे विहिरीत कोणी काही टाकलं तर गावच्या गाव पेटून उठतं. इथे डबक्याच्या कडेला हिरव्या पिसांचे ढीग, बस.

हे सगळं वाचलं की एक अवघड भावना होते, आणि ती मला अजून नीट मांडता येत नाही. दुकानात मिळणारा आजचा पीचफेस काही रानातून आणलेला नसतो. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला, त्याचं रान कधीच सुटलं. रानात पीचफेस अजून भरपूर आहे, इतका की २००५ पासून त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या यादीतून काढून टाकलंय, बाकी आठही जाती अजून यादीत. त्यामुळे आपल्या सरकारच्या २०२४च्या नियमात यादीतल्या परदेशी प्राण्यांची ऑनलाइन नोंदणी करायची म्हटल्यावर कागदोपत्री फिशर पाळणाऱ्याने अर्ज भरायचा आणि पीचफेसवाल्याने नाही. आणि आपला अंगणातल्या पेरूवर येणारा साधा मिठू पिंजऱ्यात ठेवला तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने सरळ गुन्हा. हे सगळं तर्काने बरोबर आहे, मला पटतंही. पण मामाच्या घरी मिठू होता, तो "विठ्ठल विठ्ठल" म्हणायचा आणि आम्ही त्याला मिरची द्यायचो, आणि तो गुन्हा होता हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि तो कधीच उडाला नाही हेही खरं.

सोडून द्या की, असं अर्ध्या लोकांनी सांगितलं. मोकळा श्वास घेऊ दे. कावळ्यांनी दहा मिनिटं नसती दिली. सोडायला जाणार कुठे, नामिबियाला? आणि समजा जगलाच तर? माझी मावसबहीण अमेरिकेत फीनिक्सजवळ चँडलरला असते, तिला फोटो पाठवला तर तिने उलट व्हिडिओ पाठवला, मागच्या अंगणात दाण्यांच्या भांड्यावर सात-आठ पीचफेस हाणामारी करतायत, म्हणाली अगं इथे चिमण्यांसारखे येतात. १९८०च्या दशकात कोणाचे तरी सुटले आणि तिथलं कोरडं हवामान त्यांना बरोबर गावासारखं वाटलं. पामच्या वाळक्या झावळ्यांत राहतात, मोठ्या निवडुंगांच्या ढोलीत राहतात. आणि उन्हाळ्यात पारा चढला की तिथल्या विद्यापीठाच्या इमारतीच्या व्हेंटपाशी रांगेने जाऊन बसतात, आतल्या एसीची गार हवा बाहेर येते ना, तिथे. ती हसत सांगत होती. मग जरा थांबून म्हणाली, आम्ही पण तेच करतो म्हणा मे महिन्यात.

शेवटी बी विंगच्या तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी घेतली तिला. त्यांच्या गॅलरीत मोठा, माणूस उभा राहील एवढा पिंजरा आहे, त्यात पीचफेसची जोडी आधीच होती. मी दोनदा बघून आले. पहिल्यांदा कोपऱ्यात होती. दुसऱ्यांदा काकांनी शेवग्याची हिरवी फांदी आत टाकलेली आणि तिघंही तिची साल सोलत होते. बरं वाटलं का मला? वाटलं. आणि जिना चढताना नाही वाटलं.

पण एक गोष्ट राहिली. लव्हबर्डचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण असतील असं मी शोधत होते, मला वाटलं आफ्रिकेतलेच कोणीतरी पोपट. तर ते निघाले लटकन पोपट. म्हणजे आपले! सह्याद्रीतले. मामाकडे सावंतवाडीला, आंबोलीच्या वाटेवर, पांगारा फुलला की त्याच्या लाल फुलांत उलटे टांगून मध पिणारे ते चिमणीएवढे हिरवे जीव, शेपूट जवळजवळ नाहीच, पाठीवर लाल ठिपका. झोपतातही वटवाघळासारखे उलटे लटकून, म्हणून लटकन. माडीच्या मडक्यात तोंड घालून झिंगतात असं मामा सांगायचा, मी थाप समजायचे. डीएनए तपासल्यावर लव्हबर्ड आणि हे एकाच घराण्यातले निघाले. मध्ये एवढा समुद्र, इतक्या लाखो वर्षांचं अंतर. आणि या लटकन पोपटाची मादी घरट्यासाठी पानांच्या पट्ट्या कापते तेव्हा त्या कुठे ठेवते माहितीये? शेपटीच्या वरच्या पिसांत खोचून नेते. मी पंचवीस वर्षं त्या झाडाखालून येत-जात होते. वर कधी मान वर करून बघितलं नाही असं नाही, बघितलं, पण हे बघितलं नाही.

ऑगस्टमध्ये कधीतरी रात्री उशिरा ऑफिसातून आले तर वॉचमनकाका खुर्चीत जागेच होते. मी मुद्दाम थांबले.

"काका, त्या पक्ष्याचं गाव नामिबिया. आफ्रिकेत."

"लांब हाय." थोडा विचार केला. "पण जल्मला इथंच आसंल की."

"हो. त्याचे आईवडीलही इथेच."

"आमची पोरं बी इथंच झाली. गाव इचारलं की धारूर सांगत्यात. दोनदा गेल्यात सगळी मिळून, तीबी लग्नाला." मग गेटचा आवाज झाला आणि ते उठून रिक्षावाल्याशी भांडायला गेले.

ऑक्टोबरात एसीचं सर्व्हिसिंग करणारा मुलगा आला, ग्रिलमधून अर्धा बाहेर लटकून डब्यामागे हात घालून साफ करत होता. मला हाक मारली, "मॅडम, इथे कोणीतरी कागद कापून ठेवलेत, टाकू का?" मूठ उघडून दाखवली. पावसाने भिजून परत वाळलेल्या, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, काही एकमेकींना चिकटलेल्या, एकीवर लॉटरीचे निकाल, एकीवर कुठल्यातरी वधूपाहिजेतलं अर्धं वाक्य. सगळ्या एकाच मापाच्या. मी म्हणाले टाकू नको, राहू दे. तो म्हणाला मग पाणी तुंबेल मॅडम, पाइपच्या तोंडाशीच आहेत. मी हात पुढे केला.